शाल-श्रीफळ राहू द्या, ब्रश द्या: सोलापुरात माजी सैनिकांच्या कलेचा उपक्रम कसा उभा करावा

आमच्या शेजारचे सुभेदार मामा दोन-तीन वर्षांतून एकदा आपली काळी पत्र्याची ट्रंक अंगणात काढतात. पॉलिश पेपरने घासतात, काळा ऑइलपेंट मारतात, तो वाळला की दोरीला खडूची पूड लावून झाकणावर सूत मारतात आणि चपट्या ब्रशने पांढऱ्या रंगात स्वतःचा नंबर, हुद्दा, नाव लिहितात. पेन्सिल नाही, पट्टी नाही. मागच्या खेपेला गल्लीतला सातवीतला एक पोरगा सायकल टाकून बघत उभा राहिला. घासता घासता ‘सुभेदार’च्या खालून ‘हवालदार’ वर आलं, आणखी घासल्यावर त्याच्याही खालून ‘नाईक’.

“हे कोण ओ मामा?”

“मीच की.”

पोरगं खाली बसलं आणि पाऊण तास उठलं नाही. त्या पाऊण तासात मामांनी त्याला ट्रंक रेल्वेतून कशी जायची, बर्फात कुलूप कसं गोठायचं, नव्या हुद्द्याचं नाव लिहिताना हात कसा थरथरला होता, हे सगळं सांगितलं. महिनाभर आधी त्याच पोराच्या शाळेत मामांचा सत्कार झाला होता. शाल, श्रीफळ, फेटा आणि ‘दोन शब्द’. मामा तिथे खरोखर दोनच शब्द बोलले होते: ‘जय हिंद’.

मी चित्रकलेचा शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. त्या ट्रंकेमुळे आम्ही चार-पाच जणांनी माजी सैनिकांच्या हातकामाची बैठक सुरू केली. दोन हिवाळे झाले. आम्ही काय केलं, कुठे आपटलो आणि तुम्हाला करायचं झालं तर कुठून सुरुवात करावी, ते इथे लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सोलापूरला सैनिकाबद्दल आदर शिकवावा लागत नाही. मे १९३० मध्ये इंग्रजांचा मार्शल लॉ सोसलेलं हे गाव आहे. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, तो दिवस इथे आजही पाळला जातो. हौतात्म्य आपल्याला कळतं. पण जिवंत परत आलेला, अडतिसाव्या वर्षी पेन्शनीत निघालेला, सकाळी मंडईत मेथी निवडणारा फौजी आपल्याला कळत नाही. त्याला आपण एकतर हार घालतो, नाहीतर एटीएमच्या दारात खुर्चीवर बसलेला बघून पुढे जातो. या दोन्हींच्या मधली ओळख हवी असेल तर माणसाकडे रोखून बघून चालत नाही. मध्ये एखादी वस्तू लागते, दोघांनाही जिच्याकडे बघता येईल अशी.

माणसं शोधायची कशी

‘माजी सैनिक कलाकार हवेत’ असा फलक लावू नका. आम्ही लावला होता, एकही आला नाही. फौजी माणूस स्वतःला कलाकार म्हणवून घेत नाही, त्याला ते जरा नाटकीच वाटतं. त्याला वेगळा प्रश्न विचारा: “पलटणीत असताना हाताने काय काय करायचात?”

मग उत्तरांची रांग लागते. एकाने वर्षानुवर्षं युनिटचे बोर्ड रंगवलेले असतात. एक बँडमध्ये असतो. एक पायोनियर प्लाटूनमध्ये सुतारकाम करून आलेला असतो. एक टेलर. एखाद्याने बडा खान्यासाठी (फौजेतल्या सामूहिक मेजवानीसाठी) थर्माकोलचे किल्ले उभे केलेले. आणि जवळजवळ प्रत्येकाने सँड मॉडेल बनवलेलं असतं. मोहिमेआधी जमिनीवर वाळूत डोंगर, ओढे, रस्ते उभे करून त्यावर छडीने समजावून सांगायची फौजेतली रीत आहे. त्यात रंगीत पूड, भुसा, कापूस, शेवाळ, काड्या सगळं वापरतात. रांगोळी काढणाऱ्या बाईने ते पाहिलं तर तिला नवल वाटणार नाही, उलट ती चुका काढेल.

गेरू आणि चुना हा तर फौजेतला जुना विनोद: जे हलतं त्याला सलाम ठोका, जे हलत नाही त्याला गेरू-चुना लावा. तो विनोद बैठकीत कुणी सांगितला की समजा, गाडी रुळावर आली.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून याद्या मागू नका, कुणाची खासगी माहिती हातात पडावी अशी अपेक्षाही धरू नका. एक पानाचं पत्र द्या: आपण कोण, कुठे बसणार, किती वाजता, काय करणार, पैसे लागणार नाहीत आणि कुणाचं भाषण होणार नाही. ते पत्र फलकावर लावायची किंवा संघटनांपर्यंत पोचवायची विनंती करा. तसंच पत्र ईसीएचएस पॉलिक्लिनिकच्या (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या) आणि फौजी कँटीनच्या रांगेतल्या लोकांच्या हातात द्या. रांगेत माणसाला वेळ असतो. तालुक्यातल्या माजी सैनिक संघटना आणि मेस्कोच्या (राज्याच्या माजी सैनिक महामंडळाच्या) नोकरीत असलेले सुरक्षारक्षक यांनाही विचारा, पण त्यांची ड्युटी कधी सुटते ते आधी पाहा.

घरातल्या बायकांना विसरलात तर निम्मा उपक्रम गेला. नवरा पोस्टवर असताना ज्यांनी दहा-बारा वर्षं एकटीने घर ओढलं, त्यांच्या हातची वाकळ, त्यांची भरतकामाची चादर, त्यांनी जपून ठेवलेली आंतरदेशीय पत्रं हीसुद्धा फौजेचीच गोष्ट आहे. वीरपत्नींना मात्र पत्र पाठवून मोकळे होऊ नका. ओळखीच्या बाईने घरी जाऊन विचारावं आणि नको म्हटलं तर पुन्हा विचारू नये.

पहिली बैठक

सहा ते आठ माणसं पुरेत. स्टेज नको, माईक नको, पत्रकार तर मुळीच नको. सतरंजी किंवा लांब टेबल, गोलाकार बसणं आणि प्रत्येकाच्या हातात पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी पडलं पाहिजे. मोकळ्या हाताने बसलेला फौजी एकतर सावधानमध्ये बसतो किंवा घड्याळ बघतो.

घड्याळावरून आठवलं. तुम्ही सहाची वेळ दिलीत तर ही मंडळी पावणेसहाला हजर असतात. आपण सोलापूरकर सव्वासहाला चप्पल शोधायला लागतो. आमच्या पहिल्या बैठकीला पाच माजी सैनिक कुलूपबंद दारासमोर उभे होते आणि किल्ली माझ्या खिशात होती. तेव्हापासून किल्ली मामांकडे आहे.

हुद्द्याचा प्रश्न येणारच. एका टेबलावर निवृत्त कॅप्टन आणि निवृत्त नाईक बसले की नाईक आपोआप गप्प होतो. अधिकाऱ्याला आधी बाजूला घेऊन सांगा की आज तुम्ही रंग कालवायचे आहेत. समजूतदार असतात, ऐकतात. एक साहेब तर दुसऱ्या बैठकीपासून ब्रश धुवायलाच बसले आणि तिथून सगळ्यांना बोलतं केलं. संबोधन ज्याचं त्याला ठरवू द्या. कुणाला ‘साहेब’ आवडतं, कुणाला ‘मामा’, कुणाला अजून ‘उस्ताद’.

‘ही कसली कला?’ हा प्रश्न तुमच्याकडचा एखादा चित्रकार विचारेल. बोर्ड रंगवणं, नंबर लिहिणं याला कला म्हणायचं का? त्याला शांतपणे आठवण करून द्या की आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत हात बसवला होता.

सामान साधं ठेवा: २२० जीएसएमचा कार्ट्रिज कागद, कोळसा, पोस्टर कलर, चपटे ब्रश, ऑइलपेंटचे छोटे डबे, पत्र्याचे तुकडे, सुतळी, कुंभाराकडची मळलेली माती. वॉटरकलर पहिल्या दिवशी देऊ नका. नवशिक्याला तो रंग दमवतो आणि फौजी माणसाला हरणं आवडत नाही.

काय करायचं: सुटी चित्रं नव्हे, जोडीची कामं

नुसती चित्रं काढून भिंतीवर टांगली तर लोक येतात, ‘वा’ म्हणतात आणि जातात. ओळख होते ती गावातला माणूस आणि फौजी एकाच कामात अडकल्यावर. तीन कामं आम्हाला फळली.

पहिलं, सँड मॉडेल. विषय सीमेवरचा नको, आपल्या गावचा घ्या. आम्ही सिद्धेश्वर तलाव, मंदिर आणि भुईकोट किल्ला घेतला. मोजमाप असं: जमिनीवरचा एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा चौरस दोन मीटर बाय दोन मीटरमध्ये बसवायचा, म्हणजे ५०० पट लहान. प्रत्येक बाजूला दहा भाग करून सुतळी ताणली की २० सेंटीमीटरचे शंभर चौकोन मिळतात आणि एक चौकोन म्हणजे १०० मीटर. दोन मीटरपेक्षा मोठं करू नका, मधल्या चौकोनापर्यंत हात पोचत नाही आणि कुणीतरी गुडघ्याने तलाव मोडतो.

खाली जाड ताडपत्री अंथरा. पाच सेंटीमीटरच्या थराला साधारण ३०० किलो वाळू लागते, तेव्हा वरच्या मजल्यावरचा हॉल घेण्याआधी जिना कोण चढणार ते ठरवा. वाळू किंचित ओली हवी. मुठीत दाबली तर गोळा राहावा, पण हाताला पाणी लागू नये. उंची मात्र त्याच मापात धरू नका. दहा मीटरचा तट ५०० पट लहान केला तर दोन सेंटीमीटर होतो, दिसतच नाही. फौजेतही उंची मुद्दाम वाढवूनच दाखवतात. तिप्पट धरा. उत्तर दिशेचा बाण आणि खुणांची पाटी विसरलात तर मामा लोक मॉडेल मंजूर करत नाहीत.

सांगाडा फौजींनी उभा करायचा, रंग भरायला गल्लीतल्या रांगोळीवाल्या बायका. इथे खरी मजा येते. तलावाला कुठला निळा द्यायचा यावरून आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. एका मावशींनी ठणकावून सांगितलं, “तुमचं काश्मीरचं पाणी असेल निळं, आमच्या तळ्याचं हिरवं आहे.” हिरवंच झालं.

दुसरं काम खास सोलापूरचं: भित्तिपट. आपली चादर जगाला माहीत आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण जॅकार्ड मागावर चित्राचे भित्तिपट विणायची इथली परंपरा नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही. जॅकार्डची पद्धत १८०४ सालची, फ्रान्समधली. चित्र आधी ग्राफवर चौकोन-चौकोन उतरवायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि भोक असेल तिथे हूक उचलला जाऊन ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा वर येतो. ग्राफवरचा उभा रकाना म्हणजे एक हूक, आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी.

आता गंमत बघा. फौजी नकाशा वाचतो तोही चौकोनांतच. १:५०,००० च्या नकाशावर दोन सेंटीमीटरचा चौकोन म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि चार अंकी, सहा अंकी ग्रिड (नकाशावरच्या जागेचा आकडा) सांगणं त्याच्या अंगात मुरलेलं असतं. आमच्याकडच्या एका हवालदार तात्यांनी पेन्शनीनंतर पंधरा वर्षांत कागदाला पेन्सिल लावली नव्हती. त्यांच्यासमोर अशोक चौकातल्या एका मागवाल्या अण्णांनी ग्राफ पसरला. तात्या वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “हे तर मॅप रीडिंग आहे.” अण्णांचे आजोबा तेलंगणातून आलेले, घरात तेलुगू, मराठी थोडं अडखळत. तात्यांना तेलुगूचा गंध नाही. पण ‘अकरा आडवे, चौदा उभे’ हे दोघांनाही समजत होतं. तात्यांनी आठवणीतला एक डोंगर काढला. कुठला ते कुणाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तुम्ही हे करणार असाल तर तीन गोष्टी आधी मागवाल्याला विचारा. त्याच्या जॅकार्डला हूक किती आहेत? ४०० हूक असतील तर चित्राची रुंदी ४०० रकान्यांत बसवावी लागेल. रंग किती चालतील? दोन किंवा तीन धरा, छटा विसरा. आणि ताण्या-बाण्याचं, म्हणजे उभ्या-आडव्या दोऱ्यांचं, प्रमाण काय? हे विचारलं नाहीत तर चौकोनी ग्राफवर काढलेला गोल सूर्य मागावरून अंड्यासारखा उतरतो. आमचा उतरला. त्याच्या प्रमाणाचाच ग्राफ कागद घ्या. कार्डं पाडणं, मागावर चढवणं आणि चाचणी यात मागवाल्याचे कामाचे तास जातात. त्याला ‘देशासाठी’ फुकट करायला लावू नका, मजुरी द्या. देशप्रेमाच्या नावाखाली कारागिराला बुडवण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे.

तिसरं, वाकळ. अमेरिकेत २००७ पासून ‘कॉम्बॅट पेपर’ नावाचा उपक्रम चालतो. इराकहून परतलेले सैनिक आपले गणवेश कापून, कुटून त्याचा लगदा करतात, त्यातून कागद बनवतात आणि त्या कागदावर लिहितात, छापतात. कल्पना जबरदस्त आहे. मला वाटलं आपणही करू. पण लगद्यासाठी यंत्र लागतं, मिक्सरमध्ये गणवेशाचं कापड घातलं तर मिक्सर जळतो. (माझ्या घरचा जळला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.) आणि आपल्याकडे जुन्या कपड्यांचं काय करायचं हे आज्यांना कागदाच्या आधीपासून माहीत आहे. जुना ऑलिव्ह ग्रीन शर्ट, मुलीचं फ्रॉक, आईचं लुगडं एका वाकळेत आलं की त्या घराची वीस वर्षं तिथे असतात. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने भरपूर आहेत, त्यांच्याकडून कातरणं मिळतात. आमच्या वाकळेत फौजी हिरव्याशेजारी शाळेचा निळा आणि खाकी बसलाय.

गणवेशाचं कापड जाड असतं. शिवणी उसवून, दुहेरी भाग काढून टाका, नाहीतर सुया मोडतात. बिल्ले, बटणं, हुद्द्याच्या पट्ट्या आधी उतरवून मालकाच्या हातात द्या, वाकळेत शिवू नका. टाके बाहेरच्या कडेकडून आत घालत न्या म्हणजे मधे फुगा येत नाही.

काय काढायचं नाही

इथे ढिलाई नको. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो. चौकीची जागा, रस्ते, अंतरं, रडार, दळणवळणाची उपकरणं, नकाशाचे आकडे चित्रात किंवा पाटीवर येऊ देऊ नका. जुने फोटो बघून काढलेल्या चित्रांत हे नकळत शिरतं, म्हणून प्रदर्शनाआधी एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याकडून सगळ्या वस्तू आणि पाट्या नजरेखालून घालवा. शंका आली तर वस्तू बाजूला.

२०२२ मध्ये आलेल्या नव्या डिजिटल नक्षीच्या गणवेशाचे हक्क लष्कराने नोंदवून घेतले आहेत. ती नक्षी कापडावर छापून पिशव्या विकायची कल्पना कुणीतरी हमखास मांडतं. नाही म्हणा.

तिसरी चूक सोलापुरातच होऊ शकते: तिरंग्याची चादर. राष्ट्रध्वज उशी, रुमाल, नॅपकीन अशा वस्तूंवर भरायला किंवा छापायला ध्वजसंहितेत मनाई आहे. मागावर सहज निघेल म्हणून अंथरायच्या कापडात तो आणू नका. भगवा, पांढरा, हिरवा सोडूनही रंग आहेत. फौजींनाच विचारा, त्यांना बहुतेक वेळा भुरका आणि राखाडी आठवतो.

मनाची बाजू

चित्रातून आजारी माणसाला उभारी येते हे इंग्रज चित्रकार एड्रियन हिल यांनी क्षयाच्या सॅनिटोरियममध्ये स्वतः आजारी असताना अनुभवलं आणि १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ हा शब्द रूढ केला. ते स्वतः पहिल्या महायुद्धातले सैनिक-चित्रकार. आपल्या जवळ खडकीला मणक्याच्या इजेमुळे अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठीचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथले काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. हे सगळं खरं असलं तरी आपली बैठक म्हणजे उपचार नव्हे. आपण डॉक्टर नाही. आणि प्रत्येक माजी सैनिक आतून मोडलेला असतो ही सिनेमातली समजूत आहे. बहुतेकांना कर्जाचा हप्ता, मुलीचं लग्न आणि गुडघेदुखी यांचीच काळजी असते.

तरीही एखादा मधेच ब्रश ठेवून उठतो. त्याच्या मागे धावू नका. त्याच्याच पलटणीतला किंवा वयाचा एक जण सोबत बाहेर जाईल असं आधी ठरवून ठेवा. परत आला तर चहा द्या, ‘काय झालं’ विचारू नका. त्रास पुन्हा पुन्हा होतोय असं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हाताशी ठेवा, तो कुठूनही मोफत लागतो.

भेट देणाऱ्यांना एकच मनाई: ‘किती मारले?’ हा प्रश्न. लहान मुलं विचारतात, मोठेही विचारतात, फक्त मोठे हसत विचारतात. आम्ही दारातच मुलांच्या हातात दुसऱ्या प्रश्नांची चिठ्ठी देतो. हे कशाचं बनवलंय? पहिल्यांदा कुठे शिकलात? तिथे जेवायला काय असायचं? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात लांब उत्तरं मिळतात.

तारीख आणि जागा

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच दिवशी निवृत्त झाले. तारीख योग्यच, फक्त सोलापुरात त्याच सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा असतो. गड्ड्याच्या यात्रेत अख्खं गाव नंदीध्वजांच्या मागे असताना तुमच्या हॉलमध्ये कोण येणार? शिवाय यात्रेत शोभेचं दारूकाम होतं आणि अचानक बार काढले की काही जणांना ते सोसत नाही. ७ डिसेंबरचा ध्वजदिन ते १६ डिसेंबरचा विजय दिवस हा काळ आम्हाला सोयीचा पडला. हवा चांगली, शाळा चालू, परीक्षा लांब. २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, पावसाने कागद सादळतो. एप्रिल-मेचं नावच काढू नका, सोलापूरच्या उन्हात चित्रकारही वितळतो.

जागा शक्यतो पायऱ्या नसलेली. कृत्रिम पाय लावणारी, काठी धरणारी माणसं येणार आहेत. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी रोजची वर्दळ असलेली जागा मोठ्या सभागृहापेक्षा बरी, कारण तिथे माणसं दुसऱ्याच कामाला आलेली असतात आणि सहज डोकावतात. पाट्या मराठीत लिहाच, पण खाली कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही एक-एक ओळ द्या. या गावात ते सौजन्य नव्हे, गरज आहे.

मांडणी, आणि पाटी कशी लिहावी

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर. शाळेची मुलं जास्त येणार असतील तर वीसेक सेंटीमीटर खाली घ्या. वाकळ भिंतीवर नको, बाजेवर अंथरा आणि हात लावू द्या.

पाटीवर आम्ही पहिल्या वर्षी असं लिहिलं होतं: ‘भारतमातेच्या वीर सुपुत्राची अजोड कलाकृती’. मामांनी वाचलं आणि म्हणाले, “हे कुणाबद्दल आहे?” दुसऱ्या वर्षी त्याच ट्रंकेखाली असं होतं:

‘ट्रंक. पत्रा, ऑइलपेंट. २६ वर्षं, ११ बदल्या. झाकणावर चार वेळा नाव बदलून लिहिलं. डाव्या कोपऱ्यातला पोचा रेल्वेत पडला, लढाईत नाही.’

लोक ती पाटी वाचून हसले आणि मग पोचा बघायला वाकले. पाटीसाठी एवढंच पाळा: वस्तू, साहित्य, आणि ज्याची त्याची एक खरी गोष्ट. विशेषणं शून्य. रेजिमेंटचं नाव लिहिणार असाल तर अक्षर न् अक्षर तपासून घ्या. आम्ही ‘मराठा लाईट इन्फंट्री’च्या जागी ‘मराठा बटालियन’ लिहिलं आणि एका आजोबांनी तीन दिवस आमच्याशी अबोला धरला.

बनवणारा माणूस वस्तूशेजारी बसलेला हवा, पण काम करत. उभा राहून स्वागत करायला लावलंत की पुन्हा सत्कारच. उद्घाटनाला पाहुणा लागतोच असं तुमच्या मंडळाचं म्हणणं असेल तर त्याच्या हातात ब्रश देऊन पत्र्यावर एक सरळ रेघ मारायला सांगा. आमचे पाहुणे तीनदा चुकले. भाषण आपोआप लहान झालं.

पैसे आणि हक्क

चित्राचा कॉपीराइट काढणाऱ्याचा असतो. १९५७ च्या कायद्यानुसार तो लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून भित्तिपट विकायचा असेल तर चित्र काढणारा आणि मागवाला यांचा वाटा आधी कागदावर ठरवा, दोघांच्या सह्या घ्या. फोटो छापायलाही परवानगी विचारा. कुणाला फक्त हातांचा फोटो चालतो, चेहऱ्याचा नाही. ध्वजदिन निधीच्या नावाने स्वतः डबा फिरवू नका, द्यायचंच असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरून पावती घ्या. बाकी हिशेब भिंतीवर चिकटवा. फौजी माणूस हिशेब वाचतो.

नंतर

प्रदर्शन संपल्यावर वस्तू परत करा, वाळवीच्या गोडाऊनमध्ये टाकू नका. कागद सपाट, मधे बटर पेपर घालून ठेवा. वाकळ दर पावसाळ्यानंतर उन्हात टाका. आणि महिन्यातून एक बैठक चालू राहू द्या, चार जण आले तरी. प्रदर्शनाला बातमी मिळते, ओळखी मात्र या चार जणांच्या बैठकीत होतात.

तात्यांच्या डोंगराचा दुसरा भित्तिपट अजून अडलेला आहे. उजवीकडचा उतार तीन चौकोनांत उतरवायचा की चार, यावर तात्या आणि अण्णा यांचं एकमत होत नाही. गेल्या आठवड्यात दोघं अशोक चौकातल्या टपरीवर दिसले. ग्राफ जवळ नव्हता. चहाच्या बिलाच्या पाठीवर अण्णांनी बॉलपेनने चौकोन पाडले होते आणि तात्या त्यावर बोट ठेवून म्हणत होते, “इथे बर्फ असतो ओ, इथे पाय चार वेळा टाकावा लागतो.”